बाहीआडचं बोलणं

समस्त नवागाम, डिंडोली, पर्वत पाटिया आणि थेट भेस्तानपर्यंतच्या तमाम जनतेस, तसेच प्राचीन चीन देशातील सर्व सरदार, शिपाई, नावाडी आणि घोडे यांस कळवण्यात येते की, कान फुंकण्याच्या विद्येतले थोर आचार्य, चिनी राजकारणाचे सुरतेतले एकमेव जाणकार आणि आमच्या खोल्यांच्या लाइनीतले जुने कारीगर श्री. सुकलाल जिभाऊ हे मागच्या पंधरवड्यात, सकाळच्या प्रहरी, आपल्या राहत्या खोलीत, हातात चहाचा कप असताना, कोणाचाही सल्ला न घेता निघून गेले. जनतेने आपापली कारस्थानं काही काळ स्थगित ठेवावीत. मार्गदर्शन करणारं आता कोणी राहिलेलं नाही.

तुला ही दवंडी आवडली असती, जिभाऊ. डोळे मिटून ऐकली असतीस आणि शेवटी एक डोळा उघडून विचारलं असतंस, "सरदार, घोडास्ले काब्र सांगस रे?"

"त्यास्ले बी वाईट वाटस," मी म्हणालो असतो. आणि तू मान डोलावली असतीस. चीनमधल्या घोड्यांची मनं दुखवू नयेत याबद्दल आपलं एकमत होतं. बाकी कशाबद्दलच नव्हतं.

काल तुझी गंधमुक्ती झाली. सुतक फिटलं, कपाळाला गंध लागलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. आज दुपारी मी तुझ्या ओट्यावर बसून हे लिहितोय. लिहितोय तुलाच, पण वाचतील दुसरे, म्हणून मधूनमधून त्यांना चार गोष्टी समजावून सांगाव्या लागतील. तू तोवर तंबाखू मळ.

तर मंडळी, आमचं खातं डिंडोलीच्या रस्त्याला. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं लावलेले माग सगळे एकदम चालू असले की जे काही होतं त्याला आवाज म्हणणं म्हणजे तापीच्या पुराला ओल म्हणणं. तिथं माणूस बोलत नाही. ओठ हलवतो, हात हलवतो, भुवया उडवतो. दोन बोटं गोल फिरवली म्हणजे बॉबिन संपली. अंगठा ओठाला म्हणजे चहा. पोटासमोर हवेत मोठं मडकं काढलं म्हणजे शेठ आला. गावाकडून नवा आलेला माणूस आधी बावरतो. हळूहळू त्याला पलीकडच्या ओळीतल्या माणसाचे ओठ वाचता येऊ लागतात, आणि मग तो जन्मभर समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून ओठांकडे बघत राहतो. माझी बायको लग्नानंतरच्या दिवसांत यामुळे फार लाजायची. खरं कारण कळल्यावर चिडली.

या खात्याच्या पत्र्याला पाठ लावून बापूचं चहाचं दुकान होतं. तिथं एक टीव्ही होता आणि त्याचा आवाज बापूनं कायमचा बंद करून टाकला होता, कारण पत्र्यापलीकडच्या खडखडाटात तो लावून काही उपयोग नव्हता. एकदा दुपारच्या सुटीत त्या टीव्हीवर कुठलासा परदेशी चॅनल लागला. डोंगर, धुकं, रुंद नदी, भाले घेतलेले शिपाई, छातीपर्यंत दाढ्या आलेले सरदार, आणि खाली मुंग्यांसारखी पळणारी अक्षरं. सगळ्यांचा चहा हातातच राहिला. सगळे ओठ वाचायला लागले.

आणि मंडळी, इथं आमच्या हातून अशी चूक झाली जी जगात फक्त मागावरच्या माणसांकडूनच होऊ शकते. ते ओठ चिनी भाषेत हलत होते, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. आम्ही ते खुशाल वाचले. हिंगोलीकडच्या नामदेवला दाढीवाला सरदार "माझ्या वावराची वाट का अडवली?" असं विचारताना स्पष्ट दिसला. वर्ध्याकडचा एक जण गळ्याची शपथ घेऊन सांगायचा की तो सेनापती राजकन्येला "तुमच्याकडे नळ आला का जी?" असं म्हणतोय. आणि जिभाऊ, तू त्यांना ऐकलंस अस्सल अहिराणीत. "तो म्हणी ऱ्हायना, सैन्यनी भाकर कोठे शे?" तू म्हणालास, आणि त्या क्षणापासून पडद्यावरचा तो माणूस खरोखरच भाकर मागताना दिसू लागला. हिंगोली हरली, वर्धा हरलं. चीन तुझ्या शिंदखेडा तालुक्याला जोडला गेला.

फक्त एक जण कोणालाच वाचता येईना.

एक भला थोरला जाडा सरदार होता आणि त्याच्या खुर्चीमागे हा उभा असायचा. काडीसारखा अंगानं, मिशा दोन बाजूंना ओघळलेल्या, अंगरख्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत. बोलायचं झालं की पुढं वाकायचा, एक बाही उचलून तोंडावर धरायचा आणि सरदाराच्या कानात काहीतरी सांगायचा. सरदार कधी हसायचा, कधी टेबल उलटं करायचा. आणि थोड्या वेळानं कुठलातरी किल्ला पडायचा. त्या बाहीमुळे ओठ दिसायचेच नाहीत. आमची सगळी विद्या त्या बाहीपाशी संपली.

"हाऊ काय सांगी ऱ्हायना?" कोणीतरी विचारलं आणि सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या.

तू चहा बशीत ओतलास. फुंकर मारलीस. घोट घेतलास. मग म्हणालास, "मी सांगस."

मला विचारशील तर तू जन्मलास तो त्या दुपारी. त्याआधी तू एक काटकुळा कारीगर होतास, ज्याचं नाव हजेरी घेणाऱ्यालाही नीट आठवायचं नाही. त्यानंतर तू बाहीवाला झालास.

ती मालिका पुढं फार दिवस चालली नाही. शेवटचं जे आपण पाहिलं ते मी अजूनही झोपेत पाहतो. नदीवर धुकं उतरलंय. पलीकडच्या काठाला शत्रूच्या मशाली, ओल्या काचेतून दिव्याचे ठिपके दिसावेत तशा. जाडा सरदार नावेत पाय ठेवणार, एवढ्यात थांबतो आणि मागं वळतो. बाहीवाला पुढं होतो. बाही वर जाते. तो बोलतो, बराच वेळ बोलतो. सरदार हसतो, नावेत बसतो, आणि नाव त्या पांढऱ्यात अशी विरघळते की जणू कोणी साखर ढवळली. दुसऱ्या दिवशी त्या जागी भजन चालू होतं. बापूनं केबलवाल्याला धरलं. केबलवाला म्हणाला, "असला कुठला चॅनल माझ्याकडे नव्हताच, काका. तुम्ही सगळ्यांनी झोपेत पाहिला असेल."

तेव्हापासून मला खात्री नाही, जिभाऊ. पण समजा झोपेतच पाहिला, तरी सगळ्यांनी मिळून पाहिला ना?

आणि त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, बाहीवाल्यानं त्याला मरायला पाठवलं. गोड बोलून नावेत बसवलं आणि स्वतः काठावर राहिला. तू हातातला ग्लास खाली आपटलास. "त्यानी सांगं, जाऊ नको! जाड्या हसना अन् गया. त्याना काय दोष?"

"मग एवढा वेळ काय बोलत होता? जाऊ नको म्हणायला एवढा वेळ लागतो?"

"जीव लावेल माणूसले जाऊ नको म्हनाले येळ लागस," तू म्हणालास. मी हसलो, त्या सरदारासारखाच.

मालिका गेली, पण गोष्ट थांबली नाही. तू ती पुढं चालवलीस. मागांची एक ओळ पाठीमागं, तिच्यापुढं आमची ओळ, आणि तू तिथं टोकाला उभा राहून हातांनी सांगायचास. दोन्ही हात पसरले की नदी. बोटं नाचवली की घोडदळ. रुमाल तोंडावर गेला की सगळ्यांचे श्वास थांबायचे. सुताचा पांढरा भुरका हवेत तरंगत खाली यायचा, उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकांतून आत पडायची, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या डोंगरांवर बर्फ पडत होता आणि तो आमच्या खांद्यांवर जमत होता. धाग्याचा तुटलेला शेंडा जोडताना हात आपोआप चालायचे. मन कुठल्यातरी तटबंदीवर पहाऱ्याला उभं असायचं. घरी गेल्यावर बायको डोक्यावरचा भुरका झटकून विचारायची, "कथून उनात?" मी म्हणायचो, "उत्तरेकडून. मोहीम होती."

मी अंगानं भरलेला आणि लाइनीतल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. त्यामुळे जाड्या सरदाराची गादी माझ्याकडे आपसूक चालत आली. माझ्यामागं उभं राहण्याची जागा तू स्वतःच घेतलीस. सुरतेच्या उकाड्यात बनियनला लांब बाह्या कुठून आणणार? तू खांद्यावरचा रुमाल तोंडाआड धरायचास.

एकच अडचण होती आणि ती सांगताना मला आजही हसू आवरत नाही. मागांनी तुझे कान पुरते खाल्ले होते. तुला वाटायचं तू कुजबुजतोयस. मंडळाच्या बैठकीत तू माझ्यामागं येऊन, रुमाल तोंडाशी धरून, अतिशय गुप्तपणे जे सांगायचास ते मागच्या गल्लीत ऐकू जायचं. "सरदार! हाऊ वर्गणीवाला लबाड शे! त्याले काही सांगू नको!" वर्गणीवाला समोरच बसलेला असायचा. जगातला इतका धूर्त आणि इतका मोठ्यानं बोलणारा सल्लागार दुसऱ्या कोणत्या सरदाराला लाभला असेल असं मला वाटत नाही.

आणि तरी तुझे डाव लागायचे. ते मुक्या गणपतीचं वर्ष आठवतं? मागच्या गल्लीत कैलासचं मंडळ होतं. कैलास आपल्याच खात्यातला, पण गणपतीचे दिवस आले की शत्रू. त्यानं भिंतीएवढे स्पीकर आणले होते. आपल्याकडे एक भोंगा, तोही घसा बसलेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तू पुढं वाकलास. रुमाल वर गेला.

"औंदा आपला गणपती मुका ठेव."

सगळ्या लाइनीनं ऐकलं. पोरं हसली. एक जण म्हणाला, "जिभाऊले ऊन लागनं."

तू ढिम्म हलला नाहीस. मग मलाच काय वाटलं कोण जाणे, मी हो म्हणालो. मांडवात भोंगा नाही, आरतीही टाळ्या न वाजवता, ओठांनीच. खाली सतरंज्या आणि वर पंखे. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आलेला एक कारीगर मांडवात टेकला आणि आडवा झाला. तो उठला तेव्हा त्याच्या आजूबाजूला आणखी माणसं झोपलेली होती. मग आजूबाजूच्या लाइनींतून लोक येऊ लागले. जन्म खडखडाटात काढलेली माणसं शांतता बघायला यायची, जशी दुसरी माणसं रोषणाई बघायला जातात. गणपती जागा, बाकी सगळा मांडव झोपलेला. विसर्जनाच्या आधी मी झोपलेली माणसं मोजायला गेलो तर एका कोपऱ्यात स्वतः कैलास घोरत होता, छातीवर त्याच्या मंडळाचा बिल्ला लावलेला. मी तुला हाक मारली. तू आलास, त्याच्याकडे पाहिलंस, आणि कधी नव्हे ते एक अक्षर न बोलता त्याच्या अंगावर चादर टाकलीस.

असा तू. आता तुझ्यासारख्या माणसाबद्दल माझ्या मनात काय सलत होतं ते सांगतो. तुला माहीत आहे. बाकीच्यांना नाही.

आपल्या शेठनं भेस्तानला नवं खातं काढलं. तिथं मास्टर हवा होता, म्हणजे सगळ्या कारीगरांवरचा माणूस. मास्टरला काचेची केबिन. मी एकदा शेठबरोबर ती बघायला गेलो होतो. दार लावलं आणि माग दिसत राहिले, पण ऐकू यायचे थांबले. मला स्वतःचा श्वास ऐकू आला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या जुन्या मित्रासारखा तो आवाज, आणि मी तिथं उभ्या उभ्या रडायचा बाकी राहिलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आपन घरमा बी हळू बोलसूत." मला ती केबिन इतकी हवी होती की दुसरं काही त्याआधी हवं झालं होतं का तेच आठवेना.

सगळे म्हणत होते, मास्टर मीच होणार. कैलासचंही नाव होतं, तो नव्या मशीनवर काम शिकून आला होता, पण माझ्या मनानं ते धरलंच नाही.

आणि मग एका दुपारी शेठ खात्यात आला. माग चालू. मी चार ओळी पलीकडे. हवेत भुरका तरंगत होता. आणि त्या पांढऱ्या धुक्यातून मला दिसलं की शेठ उभा आहे, त्याच्या मागं तू उभा आहेस, तू पुढं वाकलायस, आणि तुझा रुमाल तोंडावर आहे. तू शेठच्या कानात काहीतरी सांगत होतास. बराच वेळ. शेठ मान हलवत होता, पुन्हा पुन्हा. मी माग सोडून पुढं आलो, पण ओठ रुमालाआड. खात्यातल्या सगळ्या माणसांचे ओठ मला वाचता यायचे आणि ज्या एका माणसाचे वाचायला हवे होते तेच झाकलेले.

त्यानंतर दोन दिवसांनी कैलास भेस्तानचा मास्टर झाला.

मी तुला विचारलं. त्याच संध्याकाळी विचारलं. तू म्हणालास, "मी सांगं, याना मिशा वाकड्या शेतस." मी चिडलो. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणालास, तिथलं पाणी खारट आहे, सरदाराचे केस गळतील, असं सांगितलं. एकदा म्हणालास, शेठला बाळाच्या बारशाच्या शुभेच्छा दिल्या. एकदा, माझ्या मुलीच्या लग्नात, हात जोडून म्हणालास, "जाऊ दे ना भो." त्या वेळी मी तुझा हात झटकला. दर वेळी नवं उत्तर. बाहीवाल्याच्या गोष्टीला जशी दर पाळीला नवी फांदी फुटायची, तशी या गोष्टीलाही फुटत राहिली. आणि चहाच्या दुकानात आपलं जुनं भांडण परत परत निघायचं, जा म्हणाला की जाऊ नको म्हणाला. टेबलाभोवतीच्या लोकांना वाटायचं, हे दोन म्हातारे होत आलेले गडी चीनमधल्या नावेवरून भांडतायत. आपल्या दोघांनाही पुरतं ठाऊक होतं की ती नदी भेस्तानच्या रस्त्याला वाहते.

मला एवढंच कळायला हवं होतं. तू माझा माणूस होतास, की मी तुझ्या डावातली सोंगटी होतो?

मी तुझ्यावर रुसून राहिलो असं कोणी म्हणू शकणार नाही. रुसायला वेळ कुठं होता, तुझी गोष्ट चालू होती. केबिन गेली, आणि मी तुझ्या समोरच्या ओळीत राहिलो, आणि ती सगळी वर्षं तू माझ्यासमोर ते डोंगर उभे करत राहिलास. दक्षिणेकडची मोहीम, आंधळ्या धनुर्धराची गोष्ट, पुरात वाहून जाणारं आणि वाहता वाहता लग्न लावणारं ते गाव, हे सगळं मी काचेमागं बसलो असतो तर मला कोणी सांगितलं असतं? लोक मला आज लग्नात माईक देतात, बोला म्हणतात, हसतात, डोळे पुसतात. ते बोलणं मी कुठं शिकलो? जिथं एक शब्द ऐकू येत नाही अशा जागी, तुझ्या हातांकडे बघून. तेव्हा तू माझं नुकसान केलंस की मला घडवलंस, हे मलाही धड सांगता येत नाही. पण जाणून घ्यायचं होतं. फार होतं.

तू जायच्या आदल्या दिवशी मी आलो होतो. तू खाटेवर पडून होतास. तुझी बायको, मंगलावहिनी, उशाशी. मी विचारलं नाही, पण तू माझ्या ओठांकडे बघितलंस आणि न विचारलेलं वाचलंस. तू खुणेनं जवळ बोलावलंस. रुमाल हातात होताच. तो तोंडावर गेला. मी वाकलो.

आणि तू बोललास. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू. इतकं हळू की माझ्या मागांनी खाल्लेल्या कानाला फक्त उष्ण वारा लागला. मी म्हणालो, "परत सांग." तू हसलास आणि डोळे मिटलेस, जणू सगळं सांगून झालं.

"काय सांगं त्यास्नी?" वहिनींनी विचारलं.

"मला ऐकू आलं नाही, वहिनी."

"इतला वरीस गल्लीनी ऐकं, अन् आते तुम्हले ऐकू उनं नही?"

त्या रात्री मला स्वप्न पडलं. तापीवर थंडीतलं धुकं. मी नावेत बसलोय, अंगावर तो जड चिलखती झगा. काठावर तू. बाही वाऱ्यानं फडफडते आहे. मी ओरडून विचारतो, जाऊ का नको? तू बाही वर उचलतोस, मी ती बाजूला करायला हात लांब करतो, तर ती बाही लांबच लांब होत जाते, नदीवर पसरते, सफेद कापडाचा तागा उलगडत जावा तशी, आणि माझी नाव त्या कापडावरून हळूहळू सरकत राहते. सकाळी वहिनींचा निरोप आला.

दारावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मी ओट्याच्या कडेला बसून असायचो. प्रत्येक जण तुझी एक गोष्ट घेऊन यायचा. कोणाचं लग्न तू जमवलेलं, कोणाचं मोडलेलं. कैलासही आला, भेस्तानहून, केस पांढरे झालेले. माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "त्या चादरीची आठवण आहे मला. जागाच होतो मी." मी त्याला पाणी दिलं. त्याच्यावर माझा कधीच राग नव्हता. तुझ्यावर होता की नव्हता, हे ठरत नव्हतं.

आणि काल गंधमुक्तीला वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दोन शब्द तुम्हीनच बोला. त्यास्ले दुसरा कोन वळखस?"

माईक माझ्या हातात आला. लाइनीत खुर्च्या मांडलेल्या, लोक बसलेले. मी शेकडो लग्नांत बोललोय, मेलेल्या माणसांवरही बोललोय, पण इथं तुझ्यावर बोलायचं होतं. काय म्हणू? आमचे परममित्र? की परममित्र म्हणवणारे आमचे बाहीवाले? तुला खोटं ऐकवणं मला जमलं नसतं. तू ते ओठांवरूनच वाचलं असतंस.

तेवढ्यात मला शेठ दिसला. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. आता थकलाय, खातं मुलगा बघतो, पण तुझ्यासाठी आला होता. आणि माझ्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. इतकी वर्षं मी तुला विचारत राहिलो. ज्याच्या कानात सांगितलं गेलं तो तर जिवंत आहे!

मी चालत त्याच्यापाशी गेलो. लोकांना वाटलं मी शेठला बोलायला माईक देतोय. मी खाली वाकलो. माझ्या हातातला माईक चालू आहे याचं मला भानच नव्हतं.

"शेठ, एक बात पूछनी थी. भेस्तान का मास्टर रखा था आपने, याद है? उसके पहले एक दिन जिभाऊ खाते में आपके पीछे खड़ा था. मुँह पे रुमाल रखके आपके कान में कुछ बोल रहा था. बहुत देर. क्या बोला था?"

शेठनं कपाळाला आठ्या घातल्या. काठीवर बोटं फिरवली. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला, त्याला ती दुपार दिसली असावी. मंगलावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. कैलासनं मान पुढं केली. सगळी लाइन गप्प झाली, मुक्या गणपतीच्या मांडवाहूनही गप्प. आणि शेठ, ज्याचे कान आता आपल्यासारखेच झालेत, खुर्चीतून अर्धा उठून, माझ्या हातातल्या माईकमध्ये, भोंग्यातून अख्ख्या नवागामला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला:

"अरे भाई, मशीन चालू थी! वो क्या बोला मेरे को कुछ सुनाई ही नी दिया, मैंने तो ऐसे ही मुंडी हिलाई!"